काचेवरचा फितूर

दंड भरायला माणूस एक वेळ तयार होतो, वाद न घालता भरायला होत नाही. चौकात शिट्टी फुंकून गाडी कडेला घ्यायला लावणारा हवालदार होता, तोवर वादाची सोय होती. घरी कोण आजारी आहे, गाडी कुणाची आहे, ठाण्यातल्या साहेबांचे साडू आपल्याला कसे ओळखतात, हे सगळं सांगून झाल्यावर पावती फाटली तरी आपण काही कमी पडलो नाही एवढं समाधान मिळायचं. भोपाळच्या जुन्या शहरात तर हा खेळ बघायला गर्दी जमायची. तिथं भांडणसुद्धा 'को खां' म्हणून सुरू होतं. बघ्यांपैकी दोघं या बाजूनं आणि दोघं त्या बाजूनं वकिली करायला लागतात, आणि मूळ वादी-प्रतिवादी बाजूला उभे राहून ऐकत असतात.

आता खांबावर कॅमेरा आहे. त्याला साडू नाही. तो शिट्टी वाजवत नाही, गाडी थांबवत नाही, लायसन्स मागत नाही. आपण घरी पोचतो, जेवतो, झोपतो, दोन-चार लग्नंही उरकतो, आणि मग एके दिवशी मोबाइल टिंग करतो. अमुक तारखेला, अमुक वाजता, तमुक ठिकाणी आपण इतक्या वेगानं जात होता. सोबत आपल्याच गाडीचा फोटो. फोटोत गाडी अगदी शांत उभी दिसते. हा मुद्दा माझ्या मामांनी पहिल्याच मिनिटाला काढला. 'यात वेग कुठं दिसतो, दाखव मला,' असं ते दिवसभर म्हणत होते.

मामा भेलमधून निवृत्त झालेले. पिपलानीत आयुष्य गेलं. टर्बाइनच्या पात्यांची जाडी मोजण्यात नोकरी गेल्यामुळं जगातल्या कुठल्याही आकड्याकडं ते आधी संशयानं बघतात. मामी नागपूरच्या. त्या आकड्यांकडं बघतच नाहीत, थेट माणसाकडं बघतात. या घरात कुणी सांगण्याआधीच डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेवर लावायचा कॅमेरा, आला होता. 'उद्या कुणी येऊन आपल्याला ठोकलं आणि वर आपल्यावरच ओरडला, तर?' हा मामांचा सवाल होता. रशियात म्हणे घरोघरी असतो. ते खरंच आहे. १५ फेब्रुवारी २०१३ ला चेल्याबिन्स्कवर आकाशातून उल्का कोसळली, तेव्हा तिची चित्रं वेधशाळांपेक्षा ऑफिसला निघालेल्या लोकांच्या मोटारींनी जास्त टिपली. मामांनी हे उदाहरण देऊन खरेदी मंजूर करून घेतली. पिपलानीवर उल्का पडली तर त्यांच्याकडं पुरावा असणार होता.

हा डॅशकॅम अगदी संवेदनशील निघाला. त्यात धक्का ओळखणारी सोय असते. गाडीला जोराचा हिसका बसला की अपघात झाला असं समजून तो चालू असलेली फाइल कुलूपबंद करतो, म्हणजे ती पुसली जाऊ नये. कल्पना चांगली आहे, फक्त ती सपाट रस्त्यांच्या देशात सुचली असणार. आमच्याकडं गतिरोधक कुणाच्याही घरापुढं रात्रीतून उगवतो. मामांच्या कॅमेऱ्यानं पहिल्या आठवड्यातच एवढे अपघात नोंदवले की कार्ड भरून गेलं. बघितलं तर सगळे गतिरोधक, एक उघडं गटार, आणि एक म्हैस, जिला मामा धडकलेच नव्हते, फक्त दचकले होते.

तर चलान आलं. मर्यादा ताशी पन्नास, नोंदवलेला वेग एकसष्ट. रस्त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. प्रकरण मिटलंय, मामा मिटलेले नाहीत. दिवस आठवायला वेळ लागला नाही. मामांचे पुण्याचे एक चुलत मेहुणे सपत्नीक आले होते. त्यांना राणी कमलापती स्थानकावर (जुनी माणसं अजून हबीबगंजच म्हणतात, नाव नोव्हेंबर २०२१ मध्ये बदललं) सोडून दोघं घरी परतत होते. वेळ संध्याकाळी सहा दहा.

चलान आलं ते मात्र मामींच्या नावावर. गाडी घेताना लक्ष्मीच्या नावानं घेतली की बरकत येते, असं मामाच म्हणाले होते. कॅमेऱ्याला नंबरप्लेट दिसते, स्टिअरिंगमागचा माणूस दिसत नाही, म्हणून नोटीस नोंदणीकृत मालकाला जाते. मामींनी संदेश वाचला आणि म्हणाल्या, 'बाप्पा! मला तर सायकलसुद्धा येत नाही. माझं नाव काहून आलं यात?' घरात पहिल्यांदा सरकारी कागदावर आरोपी म्हणून कुणाचं नाव आलं, तर ते मामींचं.

मामांनी मोटार वाहन कायदा काढला. १९८८ चा हा कायदा मी तोवर कुणाला कादंबरीसारखा वाचताना बघितलं नव्हतं. कलम ११२ वेगाच्या मर्यादा घालतं, कलम १८३ त्या मोडणाऱ्याला शिक्षा सांगतं. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिल्या गुन्ह्याला चारशे रुपयांपर्यंत दंड होता, दुरुस्तीनंतर मोटारीला एक ते दोन हजार झाला. पण मामांना सापडलेलं रत्न पुढं होतं. एका साक्षीदाराला नुसतं वाटलं की गाडी जोरात होती, तर तेवढ्यावर शिक्षा करता येत नाही. त्याच्या अंदाजाला यंत्राचा आधार लागतो. हे वाक्य मामांनी मामींना मोठ्यानं दोनदा वाचून दाखवलं. लग्नापासून त्यांच्या प्रत्येक प्रवासात शेजारी बसलेला एकच साक्षीदार 'हळू चालवा' म्हणत आला होता, आणि आज संसदेनं त्या साक्षीची किंमत ठरवून दिली होती.

त्याच कलमात आणखी एक गंमत आहे. कुणी प्रवासाचं असं वेळापत्रक काढलं किंवा असा हुकूम दिला की मर्यादा मोडल्याशिवाय ठरल्या वेळेत पोचणं शक्यच नाही, तर तो हुकूम देणाऱ्यावरच प्रथमदर्शनी ठपका येतो. हा नियम बस आणि ट्रकच्या मालकांसाठी आहे. मामा म्हणाले, 'सात वाजता भजन आहे, पावणेसातला घरी पोचवा, असं तू म्हणाली होतीस. आणि चालक हुकूम देणाऱ्याच्या नियंत्रणाखाली असला पाहिजे, ही अट आहे. ती तर पिपलानीतलं शेंबडं पोर सिद्ध करील.' मामी यावर काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त चहा एकच कप आणला, तोही माझ्यासाठी.

मग नियम १६७-अ. केंद्रानं हा ऑगस्ट २०२१ मध्ये आणला. एकशे बत्तीस शहरांची यादी त्याला जोडलेली आहे, त्यात भोपाळ आहे. कॅमेऱ्याला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं, कॅमेऱ्याच्या आधी ठळक सूचनाफलक हवा, नोटीस पंधरा दिवसांत निघायला हवी. आणि पुराव्याची यंत्रं कुठली, त्या यादीत वेगाचा कॅमेरा आहे, स्पीडगन आहे, पोलिसांच्या छातीवरचा कॅमेरा आहे, आणि चक्क डॅशबोर्ड कॅमेराही आहे. मामा खुर्चीतून उठले. 'बघ! सरकारनं मान्य केलंय.' मी म्हटलं, 'मामा, तो सरकारच्या गाडीतला.' ते म्हणाले, 'भिंग तेच ना?' भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं त्यांचं म्हणणं बिनतोड होतं.

खरी अडचण कार्डाची होती. डॅशकॅम आठवणी जपत बसत नाही. तीन-तीन मिनिटांच्या फाइली करतो, आणि कार्ड भरलं की सगळ्यात जुनीवर नवी चढवतो. चौसष्ट जीबीच्या कार्डावर साध्या दर्जाचं चित्रण साधारण दहा तास मावतं. म्हणजे कायदा नोटीस धाडायला पंधरा दिवस देतो आणि तुमचा साक्षीदार दहा तासांत सगळं विसरतो. डॅशकॅमच्या भरवशावर वेगाचं चलान लढवू म्हणणाऱ्या बहुतेकांचा खटला इथंच संपतो. ते कार्ड काढतात तेव्हा त्यात कालची भाजीमंडई असते.

मामांचा संपला नाही, कारण त्या संध्याकाळी कॅमेऱ्याच्या खांबापुढं थोड्याच अंतरावर एक गतिरोधक होता. गाडी त्याच्यावरून उडाली, डॅशकॅमला अपघात वाटला, त्यानं ती तीन मिनिटं कुलूपबंद केली. मामा गतिरोधकाला आयुष्यात पहिल्यांदा दुवा देताना दिसले. गाडी उडण्याइतकी वेगात का होती, हा प्रश्न त्या आनंदात कुणी विचारला नाही.

आम्ही ती फाइल दिवाणखान्यातल्या टीव्हीवर लावली. आवाज बंद होता, कारण रिमोट मामांच्या हातात होता. चित्रात संध्याकाळचं पिवळं ऊन, समोर एक रिक्षा, आणि कोपऱ्यात घड्याळ: रात्रीचे आठ चाळीस. हा काय प्रकार? घड्याळ कारखान्यातून निघालं तेव्हाच्या वेळेवर होतं. चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढं आहे आणि मामांचा कॅमेरा मनानं अजून तिथंच राहत होता. म्हणजे सरकार म्हणतं ही घटना सहा दहाला घडली, आणि मामांचा साक्षीदार म्हणतो आठ चाळीसला, लख्ख उन्हात. चैत्र महिना असला म्हणून काय झालं, भोपाळात रात्री पावणेनऊला ऊन असल्याचं शपथेवर कोण सांगणार?

घड्याळाच्या बाजूला जीपीएसचा वेग होता. खांबापाशी आकडा होता सत्तावन्न.

मामांनी टाळी वाजवली. 'चार किलोमीटरची तफावत! यंत्र बिघडलेलं आहे!' मर्यादा पन्नास आहे, सत्तावन्न म्हणजेही उल्लंघनच, दंड आकड्याला नाही तर मर्यादा ओलांडण्याला आहे, हे मी बोलून बघितलं. पण ज्यानं टर्बाइनची पाती मोजली त्याच्यापुढं 'काय फरक पडतो' हे वाक्य उच्चारायचं नसतं. शिवाय एक उपप्रश्न मी तोंडात आलेला गिळला. मामा नेहमी सांगतात की मी चाळीसच्या वर जातच नाही. मोटारीचा काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो. युरोपातल्या नियमात तर काट्यानं कमी दाखवणं साफ मना आहे, आणि खऱ्याच्या दहा टक्के अधिक चार किलोमीटर एवढं जास्त दाखवायला मुभा आहे. म्हणजे खरा वेग सत्तावन्न असताना मामांच्या डोळ्यांसमोरचा काटा साठीच्या आसपास असणार. चाळीस त्यांना कुठं दिसले, हे त्यांनाच ठाऊक.

कॅमेरा तिरपा बसवलाय, म्हणून चुकीचं मोजतो, हा मामांचा पुढचा वार. यातही विज्ञान आहे, फक्त ते उलट्या बाजूचं आहे. रडारचा किरण गाडीवर तिरपा पडला तर यंत्राला वेगाचा काही भागच दिसतो. पंचवीस अंशांच्या कोनात शंभराचा वेग नव्वदच्या जरा वर भरतो. तिरपेपणाचा फायदा चालकाला मिळतो. मी हे समजावल्यावर मामा म्हणाले, 'म्हणजे खरा वेग एकसष्टपेक्षाही जास्त?' आणि त्यांनी हा मुद्दा यादीतून खोडला.

कोनांच्या बाबतीत आमचं शहर तसं हळवं आहे. ऐशबागचा उड्डाणपूल आठवत असेल. जून २०२५ मध्ये त्याच्या वळणाचे फोटो देशभर फिरले, नव्वद अंशांचा पूल म्हणून आम्ही प्रसिद्ध झालो, सात अभियंते निलंबित झाले. ठेकेदार उच्च न्यायालयात गेला, न्यायालयानं इथल्याच 'मॅनिट' या तंत्रज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांकडून कोन मोजून घेतला, आणि तो निघाला ११८ ते ११९ अंश. साऱ्या देशानं उघड्या डोळ्यांनी पाहिलेला काटकोन मोजल्यावर काटकोन राहिला नाही. मामांच्या सगळ्या आशेचं मूळ या बातमीत होतं. मोजा म्हणजे सुटाल, असा त्यांनी तिचा अर्थ लावला होता.

म्हणून ते एका सकाळी टेप घेऊन त्या रस्त्यावर गेले. डॅशकॅम सेकंदाला तीस चित्रं काढतो. दिव्याच्या दोन खांबांमधलं अंतर मोजायचं, गाडी एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत किती चित्रांत गेली ते मोजायचं, भागाकार करायचा. ही पद्धत अगदी शास्त्रशुद्ध आहे. अंतर पंचवीस मीटर भरलं. एकसष्टच्या वेगाला चव्वेचाळीस चित्रं लागतात, सत्तावन्नला सत्तेचाळीस, पन्नासला चोपन्न. पण भोपाळात सकाळी सात वाजता एक सभ्य गृहस्थ रस्त्यावर टेप धरून वाकला, तर तो नगर निगमचाच असणार. पहिल्यांदा एक दूधवाला थांबला, त्यानं नालीची तक्रार केली. मग एका बाईंनी दिवा बंद असल्याचं सांगितलं. एका म्हाताऱ्यांनी बराच वेळ निरखून शेवटी हलक्या आवाजात विचारलं, 'क्यों खां, पुल इधर भी बन रिया है क्या?' मामांनी टेपचं दुसरं टोक त्यांच्याच हातात दिलं.

घरी येऊन चित्रं मोजली. मामांच्या मोजणीनं सेहेचाळीस झाली. खात्रीसाठी मामींना बसवलं, त्यांची पंचेचाळीस झाली. खांब चित्राच्या काठावर नेमका कधी आला, यात एखाद्या चित्राचा फरक पडणारच. साऱ्या लढाईची रुंदी तीन चित्रांची, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाची होती, आणि नवरा-बायको बरोबर तिच्या मध्ये उभे होते. चोपन्नच्या आसपास मात्र कुणीच गेलं नाही.

परदेशात असे लढे जिंकलेही जातात, हे मामांना कुणीतरी सांगितलं होतं. ते सांगणारा मीच. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ दिमित्री क्रियुकोव्ह यांना थांबा-खुणेला न थांबल्याबद्दल चारशे डॉलरचा दंड झाला होता. त्यांनी न्यायालयापुढं गणित मांडलं. पोलीस बाजूनं बघत होता, त्याला सरळ वेग दिसत नव्हता, कोनातला वेग दिसत होता. गाडी झटकन थांबून झटकन निघाली, आणि नेमक्या त्या क्षणी मधे दुसरी गाडी आली. दंड माफ झाला. लेख त्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला, तोही १ एप्रिलच्या दिवशी, त्यामुळं कितपत मनावर घ्यायचा हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. त्याच राज्यात पेटालुमा गावात एका मुलाच्या आईवडिलांनी त्याच्या मोटारीत जीपीएस बसवला होता. रडारनं बासष्ट मैल धरले, जीपीएस म्हणाला पंचेचाळीस. दोनेक वर्षं खटला चालला. जीपीएस दर तीस सेकंदांनी एकदा नोंद करत होता, मधल्या वेळात काय घडलं त्याला काय ठाऊक! पोरगं हरलं. मामांच्या जीपीएसची नोंद दर सेकंदाची होती, पण त्याचाही आकडा गाडीच्या एक पाऊल मागं असतो. वेग वाढत असेल तर पडद्यावर जुना, कमी वेग दिसतो. त्या क्षणी वेग वाढत होता का? हे कळायला आम्हाला पुढं आवाजाची मदत झाली.

मग वकीलसाहेबांना घरी बोलावलं. मामांच्या ओळखीचे, माणूस शांत. त्यांनी दंडाची रक्कम विचारली, मग आपली फी सांगितली. मामा म्हणाले, 'सवाल उसूल का है.' वकीलसाहेबांनी दोन मिनिटं मामांकडं कीव आणि आदर यांच्या मधल्या नजरेनं बघितलं आणि जालन्याची गोष्ट सुरू केली.

मराठी माणसांना ही गोष्ट माहीत असायला हवी, कारण मोटारीतल्या, दुकानातल्या, जिन्यातल्या प्रत्येक कॅमेऱ्याचं भारतात काय वजन, हे ज्या निकालानं पक्कं झालं तो एका जालनेकरानं दुसऱ्या जालनेकराविरुद्ध मिळवला आहे. २०१४ ची विधानसभा. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल हरले. उमेदवारी अर्ज भरायची मुदत होती २७ सप्टेंबरला दुपारी तीनपर्यंत. गोरंट्याल यांचं म्हणणं की खोतकरांचे अर्ज तीननंतर आले, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कॅमेऱ्यांत ते दिसतंय. सगळा वाद चित्रफितीच्या कोपऱ्यातल्या वेळेचा! सीडी मिळाल्या, पण त्यांच्यासोबत साक्ष कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र हवं होतं, आणि ते मागूनमागून कुणी दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठानं २०१७ मध्ये अधिकाऱ्याच्या उलटतपासणीतल्या उत्तरांवर भागवून निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० ला न्यायमूर्ती नरिमन यांच्या पीठानं सांगितलं की प्रमाणपत्र लागतंच. मूळ यंत्रच न्यायालयात आणलं आणि त्याच्या मालकानं पिंजऱ्यात उभं राहून ते आपलं आहे असं सांगितलं, तर गोष्ट वेगळी. आणि जो प्रमाणपत्रासाठी शक्य ते सगळं करून थकला, त्याला अडवू नये.

'तो निर्णय अब भी चलता है?' मामांनी विचारलं. वकीलसाहेबांनी सांगितलं की १ जुलै २०२४ पासून साक्षीचा कायदाच नवा आला, ६५-ब चं ६३ झालं, पण प्रमाणपत्र गेलं नाही, वाढलं. आता त्याचे दोन भाग आहेत. भाग 'अ' पुरावा देणाऱ्यानं भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञानं. त्यात फाइलचा हॅश लिहायचा. हा हॅश म्हणजे गणितानं काढलेला अंगठ्याचा ठसा, चौसष्ट अक्षरं-आकड्यांची एक माळ. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी सगळी माळ बदलते. आणि पिंजऱ्यात उभं राहायचं झालं तर मालक उभा राहणार.

मालक कोण? सगळ्यांनी मामींकडं बघितलं. गाडी मामींची. डॅशकॅमही मामींच्या भिशीच्या पैशातून आलेला.

'मला काय, मी जाईन की,' मामी म्हणाल्या. 'पण आधी त्याचा आवाज तर ऐकू द्या.'

इथवर कुणी आवाज लावलाच नव्हता. डॅशकॅमचं भिंग बाहेर बघतं, त्याचा कान मात्र गाडीच्या आत असतो. रिमोट या वेळी मामींनी घेतला.

पहिलं मिनिट मामींचं होतं. विषय पुण्याच्या वहिनी. चार दिवस राहिल्या, येताना बाकरवडीचं पाकीट आणलं, ते फोडलेलं होतं, वर क्लिप लावलेली. या मुद्द्याचं विवेचन फार बारकाईनं केलेलं होतं आणि त्यात वहिनींच्या माहेरचे दोन दाखले होते. वकीलसाहेबांना मराठी येत नव्हतं, अर्थ मी सांगत होतो. त्यांनी एवढंच सांगितलं की फीत दाखल झाली तर पूर्ण संवादाचं हिंदी भाषांतर जोडावं लागेल आणि ते दप्तरात राहील. मामींचा चेहरा पडला.

दुसरं मिनिट मामांचं. स्थानकावर मेहुणे काहीतरी बोलले असावेत, त्याचं उत्तर मामा त्यांना गाडीत बसवून दिल्यावर देत होते. 'बाजीराव पुण्याचे, मान्य. पण निजामाला कोंडलं कुठं? इथं! सतराशे सदतीसच्या डिसेंबरात, आमच्या भोपाळात! आणि तह? दोराहा सराईला, इथून हाकेच्या अंतरावर. पुण्यात बसून झाला असता का?' इथं इंजिनाचा आवाज थोडा चढतो. 'निजामाच्या तोफा जड, सामान जड, तो रेंगाळला. आणि आपले घोडे? वेग, वेग पाहिजे माणसाला!' इथं तो आणखी चढतो. मामींचा आवाज येतो, 'अहो, हळू चालवा.' मामा म्हणतात, 'रसद तोडली त्याची!' निजामाची रसद तुटते त्याच क्षणी बाहेर खांब मागं जातो. पडद्यावर सत्तावन्न, आणि आकडा वाढतच होता. एक पाऊल मागं असलेला जीपीएस त्या घडीला निजामासारखाच मागं पडत होता.

मग धडाम. गतिरोधक. मामींची किंकाळी, काहीतरी सांडल्याचा आवाज. तिसरं मिनिट फक्त समजुतीचं होतं.

मामांनी सुचवलं, आवाज काढून टाकू, चित्र तेवढं ठेवू. वकीलसाहेब म्हणाले की मग हॅश बदलणार, आणि छेडछाड केलेल्या फितीवर सही करणं म्हणजे एक हजाराच्या दंडाऐवजी खोट्या पुराव्याचं प्रकरण. द्यायची तर पूर्ण द्या. शिवाय, त्यांनी खाकरून सांगितलं, आरोपी मॅडम आहेत. मॅडम गाडी चालवत नव्हत्या, याचा या फितीइतका सुंदर पुरावा दुसरा नाही. शेजारच्या आसनावरून 'हळू चालवा' म्हणणारी बाई स्टिअरिंगवर असू शकत नाही. फीत दाखल केली तर मॅडम निर्दोष सुटतील, आणि साहेबांना स्वतंत्र नोटीस येईल. मामांचा साक्षीदार भर दिवाणखान्यात फितूर झाला.

एका साक्षीदाराच्या मतावर शिक्षा होत नाही, हे कलम मामांनी आठवणीनं पुन्हा म्हणून बघितलं. मामी म्हणाल्या, 'एक कुठं? मी आहे, खांबावरचा आहे, काचेवरचा आहे. आणि तुमचे बाजीराव.'

मामांनी त्या रात्री दंड ऑनलाइन भरला. खाली 'दंड मान्य' आणि 'खटला लढवायचा आहे' असे दोन पर्याय होते. त्यांनी बराच वेळ बोट दुसऱ्यावर धरून ठेवलं होतं.

मामी मात्र थांबल्या नाहीत. तिसरं मिनिट त्यांनी परत परत ऐकलं होतं. मामींचं डोकं गाडीच्या छताला लागल्यावर मामा घाबरून जे बोलले ते त्यात स्वच्छ ऐकू येतं: 'चुकलं गं. लागलं का फार? या डिसेंबरात तुला अंदमानला नेतो. नक्की. विमानानं.' दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून ती फाइल पेनड्राइव्हवर घेतली, हॅश काढायला लावला, चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं स्वतःच्या हातानं वहीत उतरवली. भाग 'अ' त्यांनी भरला. भाग 'ब' साठी तज्ज्ञ म्हणून कागद माझ्यापुढं सरकवला आणि वर चिवड्याची बशी ठेवली. मी सही केली.

मामा पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, 'तो आवाज माझा नाही.'

'बरं,' मामी म्हणाल्या. 'मग त्या दिवशी माझ्या शेजारी बसून गाडी कोण चालवत होतं, तेवढं सांगा.'